बॉर्डर भारी पाहिजे

अर्ज लिहिणं हा माझा धंदा आहे आणि मला तो चांगला येतो. हे आधीच सांगून टाकते. पुढे जो घोळ झाला तो मला काही येत नव्हतं म्हणून झाला, असं कुणाला वाटायला नको.

आमची संस्था जुन्या जालन्यात, धान्याच्या एका आडत दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, तीन माणसं. महिन्यातून दोनदा उगवणारे अध्यक्ष, कपाळावर कायम आठ्या असलेले हिशेबनीस, आणि मी. परदेशातून देणगी घ्यायला सरकारी परवाना लागतो, तो आमच्याकडे आहे. इंग्रजीत अर्ज लिहायला कुणीतरी लागतं, ती मी. त्यामुळे ज्यांच्याकडे काम आहे पण या दोन गोष्टी नाहीत ते आमचा जिना चढतात. "चार बाया ओट्यावर बसून बोलतात" याचा "महिलांचा संवादमंच" करायला मला अर्धा मिनिट पुरतं. माझं माहेर आष्टीचं, शेतीवाल्यांचं. तिथे वडील अजून लोकांना सांगतात की पोरगी कलेक्टर ऑफिसात आहे, कारण पोरगी दुसऱ्यांचे अर्ज लिहिते हे त्यांना कुणाला समजावून सांगता येत नाही.

स्वभाव माझा उतावळा. एका जागी बसून मला लिहिता येत नाही. मी खोलीत फेऱ्या मारते, मधूनच वाकून दोन ओळी टाईप करते, पुन्हा चालू लागते. खालचा आडत्या अधूनमधून हमालाला वर पाठवून विचारतो, "मॅडम, छत पाडता का?" समोरचा बोलत असला की त्याचं वाक्य मी मनात पूर्ण करून मोकळी होते, आणि बऱ्याचदा मनातच थांबत नाही. घरचे याला वैतागतात. देणगीदार मात्र मला फार हुशार समजतात.

आपा आमच्या मागच्या बोळात राहतात. वय पंचावन्नच्या घरात. सगळा मोहल्ला त्यांना आपाच म्हणतो, म्हणून मीही म्हणते. त्यांच्या घरात चाळीस वर्षं शिलाईच चालली आहे. जुन्या जालन्यातल्या कापडाच्या घाऊक दुकानांतून आणि टेलरांकडून कतरन निघतं, म्हणजे कापडाचे उरलेले तुकडे. पूर्वी ते पोत्यांनी कुंडलिका नदीच्या काठावर जायचं. कुणी पेटवून द्यायचं, कुणी नुसतंच पाण्यात लोटायचं. आपांनी ते मागून आणायला सुरुवात केली आणि स्वतःसकट अकरा बायका जमवून त्याच्या गोधड्या शिवायला घेतल्या. त्यातल्या निम्म्या मोहल्ल्यातल्या, निम्म्या खेड्यांतून शहरात राहायला आलेल्या शेतकरी घरांतल्या. सुईत दोरा ओवताना सगळ्या एकाच तऱ्हेने डोळे बारीक करतात, हे मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हाच बघितलं होतं.

त्या बसायच्या ती खोली त्याच बोळातली, पत्र्याची होती, पण लांबलचक, आणि उत्तरेकडून उजेड. चार गोधड्या एका वेळी पसरता यायच्या. खोलीचा मालक सेठ भला माणूस, पण त्याला तिथे धान्याची पोती ठेवायची होती. त्याने आपांना सरळ सांगितलं, दसऱ्यापर्यंत थांबतो, तोवर तीन वर्षांचा करार करणार असाल तर खोली तुमची, नाहीतर मी माल भरतो. आपा माझ्याकडे आल्या त्या यासाठीच. त्यांना गोधड्यांचं प्रदर्शन नको होतं, बक्षीस नको होतं, त्यांना ती खोली हवी होती. एकेकीच्या घरात गोधडी पसरायला जागा नाही. खोली गेली की दलाल घरोघरी शिलाईचे गठ्ठे टाकणार आणि जिची तिची सुई जिच्या तिच्या घरात.

"खोली गई तो हम ग्यारा औरतां नहीं रहते ताई," त्या म्हणाल्या. "ग्यारा घरां हो जाते."

हे वाक्य मी तिथल्या तिथे वहीत टिपून घेतलं. अर्जाला उपयोगी पडेल म्हणून. त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलंही नाही.

तेवढ्यात एक योजना आली. युरोपातलं एक प्रतिष्ठान. दोन देशांतल्या लोकांनी सीमा ओलांडून एकत्र काही करायचं, पैसे ते देणार, जागेच्या भाड्यासकट. अर्जात तीन चौकोन होते. कला, नागरी संघटना, पर्यावरण. लागू असेल तिथे खूण करा. अशा चौकोनांचा मला मनस्वी राग येतो. आपांची गोधडी कोणत्या चौकोनात बसवायची? ती पांघरायची असते. मी तिन्ही चौकोनांत खुणा केल्या आणि पुढे गेले. दुसरा देश म्हणून नेपाळच्या तराईतला बायकांचा एक गट मिळाला. त्या जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवतात. कुणाच्या तरी ओळखीतून त्यांचा नंबर मिळाला होता. अर्धी गोधडी त्यांनी तिथे शिवायची, अर्धी इकडच्यांनी इथे, आणि मधली शिवण दोन्हीकडच्यांनी भेटून घालायची, असा बेत मी केला. मला माझाच बेत इतका आवडला की त्या दिवशी मी आडत्याचं छत बरंच हलवलं असणार.

अर्जासोबत दोन फूट बाय दोन फुटांचा नमुना पाठवायचा होता. मुदतीला सहा दिवस राहिले होते. मी स्कूटीवरून उतरलेही नव्हते. आपांच्या खोलीच्या दारात स्कूटी थांबवली, एका कानाला फोन, फोनवर बँकेतला माणूस, त्याला कसलं तरी पत्र हवं होतं आणि ते मी आधीच दोनदा दिलं होतं.

"आपा," मी दारातूनच म्हणाले, "कला झाली, पर्यावरण झालं, गट तर हायेच. आता सगळं अडून राह्यलंय क्रॉस बॉर्डरवर. नमुन्यात क्रॉस बॉर्डर दिसली पाह्यजे. चार दिवसांत करा, बिलकुल टाइम न्हाई."

आपांनी सुई थांबवली. "बॉर्डर भारी होना क्या?"

बँकवाला मला तिसऱ्यांदा तेच पत्र मागत होता. "भारीच पाह्यजे," मी म्हणाले. "मार्क त्यालाच हायेत."

आणि गेले.

क्रॉस बॉर्डर म्हणजे दोन देशांच्या सीमेपलीकडे जाऊन केलेलं काम, हे मी त्या खोलीत कधी सांगितलंच नव्हतं. सांगितलंय असं मला वाटत होतं, कारण मी ते लिहिलेलं होतं. अर्जात मी असंही लिहून टाकलं होतं की गटातल्या सदस्यांनी सीमा या संकल्पनेवर सखोल चर्चा केली. आणि आपांचं म्हणाल तर त्यांची सगळी हयात कापडात गेली. आमच्याकडे साडीच्या दुकानात बसलं की दुकानदार पुढ्यात साडी उलगडतो आणि म्हणतो, बॉर्डर बघा. बॉर्डर म्हणजे काठ, किनार. बारीक बॉर्डर, मोठी बॉर्डर, भारी बॉर्डर. कापडाच्या माणसाला तो शब्द दुसऱ्या कशासाठी ऐकू यावा?

चौथ्या दिवशी आपा नमुना घेऊन आल्या. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मी तो टेबलावर उलगडला आणि मला हसू फुटलं. विटलेल्या निळ्या आणि मातकट तुकड्यांची बारीक जुळणी, त्यावर धावदोऱ्याच्या दाट ओळी, आणि बरोबर मधोमध एकमेकींना छेदून गेलेल्या सोनेरी किनारी. एक उभी, एक आडवी. क्रॉस बॉर्डर. काय झालंय ते मला तेव्हाच कळलं.

आपाही हसल्या. त्यांना वाटलं मला आवडलं.

आणि मला आवडलंच होतं. तो तुकडा इतका देखणा होता की नजर हलेना. जर जुनी होती, मंद, बाजारातल्या लेसेसारखी डोळ्यावर येणारी नव्हती. कुठल्या तरी दुकानातलं जुनं पडून राहिलेलं भेंडोळं असेल, असं मी समजून चालले. विचारलं नाही. कुरिअरवाला पाच वाजता बंद करतो. मी नमुना पाकिटात घातला, त्यासोबत चार ओळी लिहिल्या की दोन देशांच्या सीमा एकमेकींना भेटतात तो हा बिंदू, आणि पाठवून दिला. चुकीतून काय झकास गोष्ट हाती आली म्हणून हिशेबनिसांना खुशीत सांगितलंही. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या काही हलल्या नाहीत.

पोळ्याच्या सुमारास कळलं की आमचा अर्ज शेवटच्या यादीत आलाय. आता व्हिडिओ कॉलवर मुलाखत, आणि त्यांना कारागिराशी थेट बोलायचं होतं, दुभाषी आम्ही आणायचा. दुभाषी म्हणजे मीच.

कॉल त्या पत्र्याच्या खोलीतच ठेवला. बायका गोधडीभोवती बसलेल्या दिसल्या तर बरं, असा माझा हिशोब. आपांची धाकटी मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, तिने मोबाईल स्टँडवर लावला आणि बाजूला उभी राहिली. तिचं लग्न ठरलेलं होतं, परीक्षेनंतर. पलीकडे पडद्यावर एक बाई, पिकलेले केस, मोकळा चेहरा. तिने आधी नेपाळच्या गटाबद्दल विचारलं, त्याचं उत्तर मीच परस्पर देऊन टाकलं. मग तिने नदीबद्दल विचारलं, कतरन किती दिवसांनी गोळा करता ते विचारलं. आपा नीट उत्तरं देत होत्या, मी नीट भाषांतर करत होते. मग त्या बाईने आमचा नमुना उचलून कॅमेऱ्यासमोर धरला आणि त्या सोनेरी पट्ट्यांवरून बोट फिरवलं. म्हणाली, हे आम्हा सगळ्यांना फार आवडलं, पण मला तुमच्याच तोंडून ऐकायचंय. या दोन सीमा तुम्ही अशा का ओलांडल्या?

मी आपांना विचारलं, "त्या म्हणून राह्यल्यात, हे बॉर्डरचं असं का केलं?"

आपा सरसावून बसल्या. "आप लोगां कू क्रॉस बॉर्डर होना बोलके ताई बोले," त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या. "भारी होना बोले. मेरे पास भारी एकीच थी, अम्मा के खड़े दुपट्टे की. वोइच काटी मैं."

खडा दुपट्टा म्हणजे नवरीचा, हैदराबादी पद्धतीचा, सहा वारांचा लांब दुपट्टा. त्याच्या किनारीवर जरीचं काम कापडावरच भरलेलं असतं. उसवून काढायचं म्हटलं तर निघत नाही, कापावंच लागतं. आपांच्या आईने तो घातला होता, आपांनी घातला होता, मोठ्या मुलीने घातला होता. हे मला माहीत होतं, कारण मोठ्या मुलीच्या निकाहला मी जेवायला गेले होते आणि तो दुपट्टा हातात घेऊन बघितला होता. आता नंबर होता मोबाईलच्या स्टँडशेजारी उभ्या असलेल्या पोरीचा.

पडद्यावरची बाई माझ्याकडे बघत होती, उत्तराची वाट बघत.

खरं सांगायचं तर मी विचार केला नाही. विचार करायला लागते तेवढी जागा माझ्यात त्या वेळी नव्हतीच. एवढंच दिसलं की हे जसंच्या तसं सांगितलं तर त्यांना कळणार, या बाईला योजना कशाची आहे हेच ठाऊक नाही. मग ती सखोल चर्चा कुठे गेली? मग अर्ज खोटा. मग खोली गेली. आणि माझं तोंड चालू झालं. मी इंग्रजीत म्हणाले, ती सांगतेय की माझ्यासाठी सीमा ही कापण्याची जागा नसून शिवण्याची जागा आहे. पिढ्यान् पिढ्या बायकांनी जे धागे जपले तेच देशादेशांना जोडतात. नदी सीमा विचारत नाही, सुईही विचारत नाही. आणखीही दोन-तीन वाक्यं होती. ती लिहायची मला लाज वाटते.

पडद्यावरची बाई खूश झाली. म्हणाली, हे वाक्य आम्ही आमच्याकडच्या प्रदर्शनात या नमुन्याखाली लावू, त्यांच्या नावासकट. चारच दिवसांत त्यांचं पत्र आलं. निवड झाली होती.

पण त्या आधी, कॉल संपल्या संपल्या, आपांनी मला विचारलं होतं. "मैं तो दो बातां बोली. तुम इत्ता क्या बोले?"

"इंग्रजीत शब्द जास्ती लागतेत," मी म्हणाले.

पोरगी मोबाईल स्टँडवरून काढत होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. बी.ए.ला तिचा इंग्रजी विषय होता.

निवडीचं पत्र आलं तेव्हा मी खोलीत जाऊन सगळ्यांना सांगितलं. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या, कुणीतरी जिलेबी आणली. आपा हसल्या, पण माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच जिना चढून ऑफिसात आल्या. हिशेबनीस आले नव्हते. त्या खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर ठेवली.

"क्रॉस बॉर्डर का मतलब क्या है, ताई?"

मी एका कागदाच्या पाठीवर नकाशा काढला. हा आपला देश, हा नेपाळ, ही मधली रेघ. या रेघेच्या दोन्ही बाजूंनी मिळून काम करायचं. त्यांनी तो कागद स्वतःकडे वळवून घेतला आणि बराच वेळ बघितला. मला बसवेना. मी उठून खिडकीशी गेले, परत आले, पाणी प्यायले.

"मतलब किनार लगतीच नहीं थी."

"न्हाई."

"सादी चिंदी चल जाती?"

"चालली असती आपा."

मला वाटलं होतं आता त्या बोलतील, रागावतील. मी त्याची तयारीसुद्धा करत होते. काय म्हणायचं, कसं म्हणायचं, घाई होती, फोन होता, बँकवाला होता. त्या म्हणाल्या, "बच्ची बोली, तुम उधर मेरी अम्मा का जिकर भी नहीं करे. दुपट्टे का भी नहीं."

"न्हाई केला."

"और वो जो बोले, वो मेरे नाम पे लगने वाला है?"

"हो."

"तुम पूछना तो था मेरे कू," त्या म्हणाल्या. "किनार का मैं समझती. घाई में होता. मेरे कपड़े का भी होता, गलत कट जाता. मगर बात तो मेरी थी ना. वो कायकू काटे?"

मला रडू आलं आणि ते आलं म्हणून माझा मलाच संताप आला. मी काही बोलायच्या आत त्यांनी टेबलावरच्या संगणकाकडे बोट केलं. "लिखो उनकू. जो मैं बोली थी वोइच लिखो."

मग मात्र मी चिडले. हे कबूल करायलाच हवं, मी त्यांच्यावर चिडले. प्रतिष्ठानाशी करारावर अजून सह्या व्हायच्या होत्या, तिकडच्यांनी मनात आणलं तर ते निवड रद्द करू शकत होते. "आपा, तुम्हाला समजून राह्यलंय का? आपण अर्जात खोटं लिहिलं असा अर्थ निघंन त्याचा. खोली जाईन. त्या अकरा बाया काय करतीन मंग?"

"ग्यारा औरतां है, मेरे कू मालूम," आपा शांतपणे म्हणाल्या. "कल मैं सबसे पूछी, खोली गई तो भी सच लिखना क्या बोलके. तुम पूछे क्या किसी से?"

मी लिहायला बसले. या धंद्यातल्या सोळा वर्षांत इतकं अवघड पत्र मी लिहिलेलं नाही. पहिला मसुदा एक पान झाला. आपांनी तो मला ओळीओळीने त्यांच्या भाषेत वाचून दाखवायला लावला. "सांस्कृतिक संदर्भातून निर्माण झालेला गैरसमज" असं मी लिहिलं होतं. ते काय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "मतलब तुम बोले नहीं और मैं पूछी नहीं, इत्ताच ना? वो लिखो." कृपया समजून घ्यावे, हे त्यांनी काढायला लावलं. वारसा हा शब्द काढायला लावला, दुपट्टा म्हणा म्हणाल्या. शेवटी सहा वाक्यं उरली. क्रॉस बॉर्डर म्हणजे काय ते ताईंनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला वाटलं कपड्याची किनार. भारी किनार माझ्याकडे आईच्या दुपट्ट्याची होती, ती मी कापली. त्या दिवशी ताईंनी तुम्हाला जे सांगितलं ते मी बोलले नव्हते. दोन देशांच्या बायकांनी मिळून गोधडी शिवायची हे मला आता कळलं आहे. ते मला मान्य आहे. खाली त्यांनी उर्दूत सही केली, मी ती स्कॅन करून जोडली आणि पत्र पाठवलं.

त्यानंतरचे अकरा दिवस मी कसे काढले ते माझ्या घरच्यांना विचारा. दर पाच मिनिटांनी मेल उघडायची. भाजी करपायची. घनसावंगीला दुसऱ्या एका कामाची बैठक होती, तिकडे जाताना जीपमध्ये दोन माणसांच्या मध्ये दबून बसले होते, तरी कोपर वर काढून मोबाईल बघत होते. रेंज जायची, यायची, पुन्हा जायची. शेजारच्या बाईने शेवटी विचारलं, "कोणी आजारी हाये का तुमचं?" मी न्हाई म्हणाले. बैठकीत लोक शेततळ्याबद्दल काय बोलले ते मला आठवत नाही. कार्यवृत्त मी नेहमीप्रमाणे अंदाजाने लिहिणार होते. पहिल्यांदाच लाज वाटून एकाला फोन केला आणि कोण काय बोललं ते विचारून घेतलं. त्याला माझी शंकाच आली.

इकडे दसरा जवळ आला. सेठचा माणूस टेप घेऊन खोली मोजून गेला. किती थप्प्या बसतील ते त्याने खडूने भिंतीवर लिहून ठेवलं, बायकांच्या डोक्याच्या वर. बायका खाली शिवत होत्या. मी दिवसातून तीनदा त्या बोळातून जायची आणि आत न जाता परत फिरायची. आपांनी मला एकदाही फोन केला नाही, काय झालं म्हणून विचारलं नाही. ते मला जास्त लागत होतं. निवड रद्द झाली तर त्या बायकांसमोर कोणत्या तोंडाने उभी राहू, हा एक प्रश्न. आणि दुसरा त्याहून वाईट, की मी त्या दिवशी ती दोन वाक्यं जशीच्या तशी सांगितली असती तर पलीकडची बाई नाही म्हणाली असती का? मी तिला संधीच दिली नव्हती. तिचंही वाक्य मी मनात पूर्ण करून टाकलं होतं.

बाराव्या दिवशी दुपारी उत्तर आलं. ते मी जिन्यात उभ्या उभ्या वाचलं, आणि चप्पल धड न घालताच बोळातून पळत सुटले.

खोलीत सगळ्या होत्या. आपा टोकाला, गोधडीची कड दुमडत. पोरगीही होती, परीक्षेची वही मांडीवर. मी धापा टाकत दारातच म्हणाले, "आपा, आलं. खोली राह्यली."

सगळ्या आपांकडे बघत होत्या. आपांनी हात पुढे केला, बसा असं नाही, वाचा असं.

मी मोबाईलवरून वाचलं, इंग्रजी एकेक वाक्य आणि त्यामागे आमच्या भाषेत. तुमचं पत्र मिळालं, दिल से शुक्रिया. मदत ठरल्याप्रमाणे मिळेल, करार सोबत जोडला आहे. नमुन्याखालची ती ओळ आम्ही काढली आहे आणि तिथे तुमची स्वतःची वाक्यं लावली आहेत, आईच्या दुपट्ट्याची. तीच आधी मिळाली असती तर बरं झालं असतं. प्रदर्शन संपलं की नमुना परत पाठवू, कारण तो तुमच्या घरातला आहे हे आम्हाला माहीत नव्हतं.

एका म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. दोघी हसायला लागल्या. मला वाटलं आता आपा उठतील, मला जवळ घेतील. इतक्या दिवसांचा ताण, मला ते हवंच होतं.

आपांनी सुई कापडात खोचून ठेवली. "ये उनकीच बात है ना, ताई? तुम कुछ मिलाए तो नहीं?"

"न्हाई आपा. शपथ."

त्यांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि पोरीकडे दिला. "तू पढ़."

पोरीने वही बाजूला ठेवली आणि वाचायला सुरुवात केली. ती अडखळत होती, एकेका शब्दावर थांबून अर्थ लावत होती, आणि सगळ्या जणी ऐकत होत्या. मी दारात उभी. करार, मदत, ओळ, दुपट्टा, सगळं होतं तसंच होतं. ती शेवटपर्यंत पोचली. आपांनी तिला थांबवलं.

"वो 'दिल से' किधर गया?"

पोरीने पत्र बोटाने वर सरकवलं, खाली सरकवलं, पुन्हा एकदा पहिल्यापासून नजर फिरवली.

"वो इसमें नहीं है, अम्मी," ती म्हणाली.